तक्रार ताईंची, इंग्रजी कर्नलचे

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीबद्दलच्या तक्रारींचे काय करायचे यावरून गेल्या रविवारी जो वाद झाला तो लिहून काढण्याचे कारण एवढेच, की त्यात ताईंची बाजू बरोबर होती आणि ती कट्ट्यापुरतीच राहू नये असे मला मनापासून वाटते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ताईंच्या अर्ज भरून देण्याच्या केंद्रातले संगणक टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ ला चालेनात आणि मग कर्नलने त्या सगळ्यांवर लिनक्स बसवून दिले, हा इतिहास कट्ट्यावर प्रत्येकाला पाठ आहे. कर्नल सैन्यात कधीच नव्हता. तो पुण्याच्या एका संगणक कंपनीत आहे, शनिवार-रविवारी सांगलीला येतो आणि दर दोन वाक्यांमागे लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे त्याच्या गाभ्याचा, उल्लेख करतो, म्हणून ही पदवी त्याला कट्ट्याने बहाल केलेली आहे.

वादाला तोंड फोडले ते पत्रिका छापणाऱ्या नानांनी. लिनक्स सुधारण्यासाठीच्या आपल्या सूचना कर्नलने ‘वर’ पोहोचवाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती आणि त्यासाठी त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर यादीच करून आणली होती. खिडकी बंद करायचे बटण उजवीकडेच असावे, पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या फायली उघडाव्यात आणि त्यांतले मराठी जसेच्या तसे दिसावे, अशा त्यांच्या मुख्य मागण्या होत्या.

“वर म्हणजे कुठे, नाना?” कर्नल म्हणाला. “वर कोणीही बसलेले नाही. कोड सर्वांना खुला आहे. ज्याला खटकते त्याने दुरुस्त करावे आणि बदल पाठवून द्यावा.”

हे कर्नलचे आवडते वाक्य आहे. चहात साखर कमी पडली तरी तो हेच म्हणेल, असे सर म्हणाले.

नाना मात्र हसले नाहीत. “तुझ्या लग्नाच्या पत्रिका मी छापल्या. त्यात तुझ्या मामांचे नाव चुकले, तेव्हा मी तुला असे म्हणालो होतो का, की मशीन मोकळे आहे, शाई तिथे आहे, ज्याला खटकते त्याने छापून घ्यावे?”

पेजमेकरच्या मागणीचे उत्तर कर्नलने दिले नाही, ते सरांनी दिले. सर निवृत्त शिक्षक असले तरी या विषयातले त्यांचे वाचन कर्नलपेक्षा खोल आहे, कारण त्यांना ते कोणाला दाखवायचे नसते. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ सालापासून, पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय त्यात आहे, परंतु नानांच्या त्या काळातल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘श्री गणेशाय नमः’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणजे नानांची एक मागणी मागण्याआधीच पुरी झाली होती आणि ती पुरी झाल्याचे नानांना कोणी सांगितले नव्हते. कर्नललाही ते ठाऊक नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

आपली बाजू सावरायला कर्नल इतिहासात शिरला. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने २००८ साली लोकांच्या सूचना घेण्यासाठी आणि त्यांवर मते मागवण्यासाठी ‘ब्रेनस्टॉर्म’ नावाची स्वतंत्र जागा उघडली होती आणि सूचनांचा ढीग साचल्यावर २०१३ साली ती बंद करावी लागली, याची त्याने आठवण करून दिली. मधल्या काळात, २०१० सालच्या १०.०४ या आवृत्तीत खिडकीची बटणे उजवीकडून डावीकडे नेली गेली, लोकांनी आकांत केला आणि उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी सांगून टाकले, की अभिप्रायाचे स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय मतदानाने होणार नाहीत. “आणि ते योग्यच होते,” कर्नलने निकाल दिला.

“मग ती बटणे पुन्हा उजवीकडे कधी आली?” नानांनी विचारले.

“२०१७ साली. युनिटी ही पडद्याची मांडणी सोडून ग्नोम ही जुनी मांडणी परत घेतली तेव्हा,” कर्नलला सांगावेच लागले.

“म्हणजे सात वर्षांनी का होईना, माझे ऐकले,” असे म्हणून नानांनी यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

एवढा वेळ गप्प बसलेल्या ताई इथे बोलल्या. “मतदान नको, हे मलाही पटते. मत द्यायला वेळ कोणाला असतो? ज्याचे काम अडलेले नसते त्याला. ज्याचे काम अडते तो रांगेतल्या माणसांची समजूत घालत असतो.”

ताईंचे काम कुठे अडते ते मी स्वतः पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. छपाई चालू असताना प्रिंटरमधला कागद संपला, तर ताईंच्या केंद्रातले लिनक्स तो प्रिंटर ‘थांबवलेला’ अशा अवस्थेत टाकते. कागद भरला तरी ती अवस्था आपोआप उठत नाही. पुढे दिलेली कामे रांगेत साचत राहतात, पडद्यावर काहीच सांगितले जात नाही आणि प्रिंटर पुन्हा सुरू करायचा तर सेटिंगमध्ये खोल जाऊन पासवर्ड द्यावा लागतो, जो केंद्रात काम करणाऱ्या मुलीला सुरक्षेच्या कारणाने दिलेला नसतो. ताईंची सूचना अगदी साधी आहे. कागद संपल्याचे पडद्यावर ठळकपणे सांगावे आणि त्याच ठिकाणी ‘पुन्हा सुरू करा’ असे एक बटण पासवर्डशिवाय द्यावे.

“ताई, त्यासाठी सूचना कशाला हवी?” कर्नल म्हणाला. “चूक झाल्यावर प्रिंटरने थांबायचे की काम पुन्हा करून पाहायचे, हे आधीच ठरवता येते. एका फाइलमधली एक ओळ बदलायची असते.”

“बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. “ती ओळ माहीत असलेला माणूस पुण्यात असतो.”

कट्ट्यावर यानंतर जो गलका झाला त्यात सरांचे बोलणे बुडणार होते, परंतु त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला. मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरची, सगळी चळवळच मुळात प्रिंटरच्या तक्रारीतून निघाली, हे त्यांनी सांगितले. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला, की वापरणाऱ्यांना त्यांच्या पडद्यावर तसा निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी तशी सोय केलीही होती. या वेळी मात्र त्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड त्यांना नाकारण्यात आला आणि तो नकार त्यांच्या मनात इतका रुतला, की पुढे १९८३ साली त्यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली.

“थांबा, सर,” ताई म्हणाल्या. “म्हणजे त्यांचीही तक्रार हीच होती, की कागदाचे काय झाले ते प्रिंटर सांगत नाही?”

“अगदी हीच.”

“मग मी काही नवीन मागत नाही. पहिल्याच तक्रारीचे उत्तर मागते आहे.”

कर्नलने चहा मागवला. वादात मागे पडल्यावर तो चहा मागवतो, हे कट्ट्याच्या नोंदीत आहे.

त्यानंतर त्याने ठेवणीतले प्रश्न काढले. ताईंनी तक्रार नोंदवली का, नोंदवली असेल तर आवृत्ती लिहिली का, लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेली घडामोडींची नोंद, जोडला का, हीच तक्रार आधी कोणी केली आहे का ते तपासले का? ताईंनी नोंदवली होती. केंद्रातल्या मुलीच्या मदतीने, तुटक इंग्रजीत त्यांनी उबुंटूच्या लाँचपॅड या तक्रारी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर ती मांडली होती. ‘माहिती अपुरी’ असा शेरा तिच्यावर पडला आणि असा शेरा पडलेल्या तक्रारीवर ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर ती आपोआप मुदतबाह्य ठरते, असा तिथला नियम आहे. ते ६० दिवस नेमके दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांचे होते. त्या दिवसांत ताई डबासुद्धा उभ्याने खातात.

तरीही त्या नियमावर त्या रागावल्या नाहीत. त्यांना राग आला तो वेगळ्या गोष्टीचा, आणि तो त्यांनी कर्नलवर काढला. ग्नोममध्ये फाइल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रे जाळीसारखी मांडलेली दिसावीत, ही मागणी २००४ साली नोंदवली गेली होती आणि ती ग्नोम ४४ मध्ये, मार्च २०२३ ला पुरी झाली. ताईंना ही तारीख माहीत असते, कारण अर्जाला जोडायचा फोटो शेकडो फोटोंच्या फक्त नावांवरून शोधणे हे त्यांचे रोजचे काम होते. “२००४ साली जन्मलेले मूल २०२३ साली माझ्याकडे कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायला आले, रे,” त्या म्हणाल्या. “ते मोठे झाले, दहावी झाले, बारावी झाले. आणि तू मला विचारतोस, लॉग जोडला का?”

इथे कर्नलची एक बाजू न्यायाने लिहिली पाहिजे, कारण ती त्याने खरोखर तळमळीने मांडली. एक्सझेड नावाची, फायली आकसून लहान करणारी एक प्रणाली जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि ती वर्षानुवर्षे एकच माणूस आपल्या मोकळ्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. सुधारणा लवकर का होत नाहीत, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा, असा तगादा त्याच्यामागे लागला. आपण मानसिकदृष्ट्या थकलो आहोत, असे त्याने लिहिले तरी तगादा थांबला नाही. शेवटी मदतीला पुढे आलेल्या एकाला त्याने कारभारात भागीदार केले आणि त्या मदतनिसाने आत चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी ती नावेसुद्धा त्याच कटाचा भाग होती, असे आता मानले जाते. “फुकट राबणाऱ्या माणसाला सूचनांनीच घायाळ केले, ताई,” कर्नल म्हणाला. “म्हणून मला यादी पाहिली की भीती वाटते.”

सगळे क्षणभर गप्प झाले. मग ताईंनी विचारले, “तो चोरदरवाजा सापडला कसा?”

“मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सापडला. दुसऱ्या संगणकावर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले.”

“म्हणजे खोट्या तक्रारींनी घात केला आणि एका खऱ्या कुरकुरीने वाचवले. मग तक्रार पारखायला शीक. तक्रार करणाऱ्याला हाकलू नकोस.”

माझे मत ताईंच्याच बाजूचे आहे आणि ते मी तिथेही मांडले. प्रणाली बनवणारी माणसे सांगलीतल्या केंद्रासमोरची रांग पाहू शकत नाहीत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ती रांग पाहणारा आणि त्यांची भाषा जाणणारा माणूस आपल्या कट्ट्यावर बसलेला असताना त्याने ‘स्वतः दुरुस्त करा’ असे म्हणून उठून जाणे मला मान्य नाही. नीट लिहिलेली तक्रार हेही कामच आहे, कोडइतकेच कष्टाचे आणि कोडइतकेच उपयोगाचे. सरांचीही एक मागणी आहे, ती पाहा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, जे २००९ सालच्या शासन निर्णयाने लेखनात ठरवून दिले आहेत, ते अनेक फॉन्टमध्ये आधीपासूनच दडलेले असतात. मजकूर मराठी आहे हे प्रत्येक प्रोग्रामला कळले, की ते दिसू लागतात. ही उणीव दिल्लीच्या माणसाला जाणवणारच नाही. ती इथूनच लिहून गेली पाहिजे.

नानांना मात्र या निमित्ताने जुने दुखणे आठवले. ऐन लग्नसराईत कर्नलने त्यांच्या लॅपटॉपवर एक अतिशुद्ध लिनक्स बसवले होते, ज्यात मुक्त नसलेले फर्मवेअर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, अजिबात नव्हते. वायफाय चालेना आणि पत्रिकांचे नमुने नानांना सायकलवरून घरोघरी दाखवावे लागले. “तुझे सोवळे आणि माझी तंगडतोड,” नाना म्हणाले. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या विकसकांनी २०२२ साली मतदान घेऊन असे फर्मवेअर स्थापनेच्या अधिकृत प्रतीत घालायचे ठरवले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले, हे सरांनी सांगताच नानांनी त्या विकसकांना, ते जिथे असतील तिथे, आशीर्वाद दिला. कर्नल त्या निर्णयावर आजही नाराज आहे.

“ते जाऊ दे,” ताई म्हणाल्या. “कर्नल, मला तुझा कोड नको. तुझे इंग्रजी दे.”

आणि कर्नलने, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे, पाठपिशवीतून लॅपटॉप काढला. टपरीवाल्याने बाकावरच्या बशा उचलून जागा केली. आवृत्ती लिहून झाली, प्रिंटरचे नाव लिहून झाले आणि बिघाड पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या ओळीने सांगा, असे कर्नल म्हणाला.

“पहिली पायरी,” ताई गंभीरपणे म्हणाल्या, “दहावीचा निकाल लागला पाहिजे.”

“ताई, असे नाही चालत. तिथे बसलेल्या माणसाला ते करून पाहता आले पाहिजे.”

“मग त्याला जूनमध्ये सांगलीला बोलव.”

सर हसायला लागले. कर्नलने नेटाने पुढचा रकाना वाचला, की अपेक्षित काय आहे? कागद घातला की छापावे, असे ताईंनी सांगितले आणि त्याने ते शब्दशः लिहिले. मग तक्रारीचे गांभीर्य विचारले गेले. नाना अतिगंभीर म्हणाले.

“मध्यम लिही,” ताई म्हणाल्या. “अतिगंभीर लिहिलेस, तर त्या कटातली समजतील मला.”

“तसे वाटायला नको, पुरावा जोडू,” नाना म्हणाले. “निकालाच्या दिवशीचा ताईंचा फोटो पाठव. लॉगची गरजच पडणार नाही.”

यावर पहिल्यांदा हसल्या त्या ताईच आणि मग कर्नलला इतके हसू आले, की लॅपटॉप सरांच्या हाती द्यावा लागला.