शेंडेफळाची चारशे वळणं

पावसाळ्यात सह्याद्रीतले दोन-चार घाट चढून आलेला माणूस बसाल्टबद्दल असा बोलतो, जणू तो त्याच्या चुलतघराण्यातला आहे. काळा कातळ दिसला की बुटाचा तळ न बघता पाय टाकतो. नातं आहे, खोटं नाही. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियाँ नावाचं फ्रान्सचं बेट आहे. त्या बेटाखाली पृथ्वीच्या पोटातला जो तप्त ठिपका (हॉटस्पॉट) आज धुमसतोय, त्यानेच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. नंतर भारताचा भूखंड उत्तरेला निघून आला आणि ठिपका मागेच राहिला. मग त्याने बेटांची रांग लावली. त्या रांगेत मॉरिशसही आहे, जिथे आपली मराठी कुळं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. रांगेचं शेवटचं टोक रेयुनियाँ, वय जेमतेम तीसेक लाख वर्षं. म्हणजे सह्याद्री थोरला आणि हे शेंडेफळ. थोरल्याला कोट्यवधी पावसाळ्यांनी घासून-पुसून वळण लावलंय. शेंडेफळाला वळण नाही म्हणावं, तर एकट्या सिलाओस नावाच्या डोंगरी गावाच्या रस्त्यावर चारशे वळणं असल्याची ख्याती आहे.

या बेटावर सायकल आणि पाय या दोन्ही वाहनांनी खिंडी ओलांडायला जगभरातून लोक येतात. त्यातली एक जमात फ्रान्समधली. तिथे 1972 साली एक क्लब निघाला, ज्याचं सभासद व्हायला सायकलसह 100 खिंडी पार कराव्या लागतात आणि त्यातल्या किमान पाच 2,000 मीटरच्या वरच्या असाव्या लागतात. आपल्याकडे लोक किल्ले मोजतात, हे खिंडी मोजतात. व्यसन तेच. माझ्या मते किल्ले मोजणारा थोडा बरा, कारण वर तटबंदी तरी असते, पाठ टेकायला. खिंडीत एक पाटी असते आणि वारा.

या बेटावर मोजण्याजोगी मोठी खिंड म्हणजे ताईबीत, 2,081 मीटर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे यांची खिंड, डोंगराची नुसती मान, आपल्या शिखराच्या डोक्यावरून 435 मीटर वर जाते. हा अपमान गिळूनच पुढे वाचावं.

ताईबीतच्या पायथ्याशी जायला आधी सिलाओसला पोचायचं. समुद्रकाठच्या साँ-लुईपासून अंतर सुमारे 37 किलोमीटर, गावाची उंची साधारण 1,200 मीटर. भागाकार केला तर सरासरी चढ सव्वातीन टक्के येतो. इथे पहिला घोटाळा होतो. सरासरी काढणाऱ्याला रस्त्याने कधी घाम फुटत नाही. सुरुवातीचा बराच रस्ता नदीच्या कडेकडेने जातो, मध्येच खाली उतरतो, आणि कमावलेली उंची उधळपट्टी करणाऱ्या पोरासारखी उडवून टाकतो. मग सगळी थकबाकी शेवटच्या टप्प्यात व्याजासकट वसूल होते.

गिअरचं गणित इथेच करून ठेवावं. पुढची लहान चकती 34 दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही 34 दात्यांची असेल, तर पेडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते, म्हणजे सायकल 2.1 मीटर पुढे सरकते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. दहा टक्के चढावर माणूस आणि सायकल मिळून 85 किलो वजन याच वेगाने न्यायला पावणेदोनशे वॅट लागतात. मागे 28 दात्यांची चकती घेऊन आलेल्याला त्याच फेऱ्यांसाठी दोनशेच्या वर वॅट मोजावे लागतात. ते नसले की फेऱ्या चाळिसावर येतात, गुडघे कुरकुरतात, आणि मागून येणारी बस वळणावर हॉर्न देते. तो शाबासकीचा हॉर्न नसतो.

रस्त्यावर एकेरी, अरुंद बोगदे आहेत. आत अंधार, वरून ठिबक. तोंडाशी थांबून पलीकडून दिवे येताहेत का ते बघायचं, आणि मगच घुसायचं. पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा दोन्ही हवेत. पावसानंतर दरडी कोसळून हा रस्ता बंदही होतो, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची खबर घ्यावी. बेटाचा पाऊस ही चेष्टेची गोष्ट नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पडला आणि आपण अजून त्याच्या गोष्टी सांगतो. या बेटावर फोक-फोक नावाच्या ठिकाणी जानेवारी 1966 मध्ये 24 तासांत 1,825 मिलिमीटर पडला. तो जागतिक विक्रम आहे. म्हणून डिसेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ टाळायचा आणि मे ते नोव्हेंबरमध्ये जायचं.

हा रस्ता 1932 मध्ये खुला झाला. त्याआधी सिलाओसच्या गरम झऱ्यांवर येणारी बडी मंडळी खुर्चीत बसून यायची आणि ती खुर्ची हमालांच्या खांद्यावर असायची. आता प्रगती झालीय. आता माणूस स्वतःच हमाल होतो आणि खांद्यावर सायकल असते.

त्या खांद्याबद्दल. खिंडी मोजणाऱ्यांना ताईबीतवर सायकलसकट फोटो हवा असतो. रस्त्यापासून खिंडीपर्यंतची वाट म्हणजे दगड, मुळं आणि लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या. त्यावर सायकल चालवणं सोडा, ढकलताही येत नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात सायकल कुठे न्यावी याचे नियम आहेत, ते आधी वाचावेत. तरीही ज्याला खाज असेल त्याने निदान पेडल काढून घ्यावेत, नाहीतर दर तिसऱ्या पायरीला नडगीवर शिक्का बसतो. आठ मिलिमीटरची षटकोनी चावी लागते. उजवा पेडल नेहमीसारखा, घड्याळाच्या उलट दिशेला सुटतो. डाव्याचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने सोडायचा. हे विसरून डावा पेडल जन्माचा घट्ट करून बसलेले लोक कुठल्याही सायकलच्या दुकानात ओळखू येतात, ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. माझा साधा सल्ला असा की सायकल सिलाओसच्या मुक्कामी कुलूप लावून ठेवावी आणि पायी जावं.

त्यासाठी बूट दोन्हीकडे चालणारे हवेत. शर्यतीच्या बुटांची, पेडलमध्ये अडकणारी तीन स्क्रूंची पट्टी तळाबाहेर आलेली असते. ओल्या बसाल्टवर तिने चालणं म्हणजे शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्यांवरून लाकडी खडावा घालून उतरणं. दोन स्क्रूंची, रबरी तळात बुडालेली पट्टी घ्यावी, नाहीतर चालायचा वेगळा जोड सायकलच्या मागच्या पिशवीत टाकावा.

सिलाओसहून इले-आ-कोर्द या वस्तीच्या रस्त्याने सुमारे सहा किलोमीटर गेलं की वाट फुटते. तिथून खिंड आठशेच्या वर मीटर उंच. पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. अडीच तास म्हणजे कोणाचे अडीच तास, हे पाटी सांगत नाही. दर ऑक्टोबरला हे बेट आडवं कापणारी एक शर्यत होते, दीडशेहून जास्त किलोमीटर आणि सुमारे 10,000 मीटर चढ, लोक तिला 'वेड्यांचा कर्ण' (महाभारतातला नव्हे, भूमितीतला) म्हणतात. त्या मंडळींच्या सावलीत राहणाऱ्याने पाट्या रंगवल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. पांढरा-लाल पट्टा म्हणजे वाट बरोबर, त्याच रंगांची फुली म्हणजे मागे फिरा. फुलीकडे दुर्लक्ष करून 'शॉर्टकट असेल' म्हणणारी जात इथेही आढळते.

सकाळी साडेपाच-सहाला निघावं. पूर्वेकडून व्यापारी वारे बाष्प घेऊन येतात, ऊन तापलं की ते कड्यांवर चढतं आणि दहा-अकराच्या सुमारास खिंडीत दूध उतू गेल्यासारखे ढग भरतात. मग दोन हातांवरची पाटीही दिसत नाही. उंचीबरोबर दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात, म्हणजे किनाऱ्यावर 27 असेल तर खिंडीत तेराच्या आसपास. घामाने भिजलेला सदरा आणि वारा यांची तिथे भेट होते. कोरडा बनियन पिशवीत तळाशी नको, वर हवा.

वाटेत त्रुआ सालाझ नावाची छोटी वस्ती लागते. तिथे काढा मिळतो आणि त्याच्या दोन जाती आहेत. चढणाऱ्यांसाठी 'असांसर', म्हणजे लिफ्ट. उतरणाऱ्यांसाठी 'पाराश्यूत'. सिंहगडावर ताक आणि पिठलं-भाकरी विकणाऱ्यांनी ही कल्पना ऐकली तर खडकवासल्यापासून फलक लागतील.

खिंडीपलीकडे माफात. या खोऱ्यात मोटाररस्ता नाही. सिमेंटपासून फ्रीजपर्यंत सगळं हेलिकॉप्टरने येतं. गुलामगिरीच्या काळात पळून आलेले लोक इथे लपले, आणि 'माफात' हे नाव मालागासी भाषेतल्या 'मारणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं, असं सांगतात. सिलाओसचा अर्थ 'जिथून कुणी जात नाही' असा लावतात. म्हणजे एका गावातून निघायचं नाही आणि दुसऱ्यात पोचायचं नाही. नावं ठेवणाऱ्यांनी वेळीच सावध केलं होतं.

मार्ला हे माफातमधलं सर्वांत उंचावरचं गाव, जवळपास कळसूबाईच्या टोकाइतकं. मुक्कामाची जागा आधी ठरवावी लागते. जेवण सगळ्यांना एका टेबलावर, लवकर. भात, घेवड्याची किंवा मसुराची उसळ आणि 'कारी'. इथल्या लोणच्याला 'आशार' म्हणतात, मसाल्याला 'मासाले' आणि समोसा समोसाच राहिलाय, फक्त अंगाने रोडावलाय. घरची आठवण येणाऱ्याने मात्र पुढच्या 'तामारें'च्या पठारावर चिंचा शोधू नयेत. फ्रेंचमध्ये तामारें म्हणजे चिंच खरी, पण ही वाकडी, शेवाळाने मढलेली झाडं बाभळीच्या कुळातली आहेत.

आता मूळ फजिती. त्या पठारावरून पुढे कोल दे ब्यो, म्हणजे बैलांची खिंड, 1,956 मीटर. ती ओलांडली की सालाझीच्या खोऱ्यात डांबरी रस्ता. दोन खिंडी एका दमात, नकाशावर फार देखणं दिसतं. फक्त सायकल सिलाओसला आहे, आणि सिलाओस ते सालाझी गाडीरस्ता नाही. किनाऱ्यावर उतरून बेटाला वळसा घालून परत चढायचं तर दीडशेच्या वर किलोमीटर होतात. म्हणून बैलांच्या खिंडीला दुरून नमस्कार करून ताईबीतवरूनच परत फिरणं शहाणपणाचं. मार्लाहून खिंडीपर्यंत साडेचारशे मीटर चढ, आणि मग आठशे मीटर उतार.

हा उतार सायकलवाल्याचा गर्व उतरवतो. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडतच बळ लावतो. पायऱ्या उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, आणि हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आतल्या तंतूंना बारीक इजा होते. त्या दिवशी फक्त गुडघे थरथरतात, खरी बोंब 24 ते 72 तासांनी उठते. त्या काळात जिना पाठमोरं होऊन, कठडा धरून उतरावा लागतो. त्यावर उपाय एकच: निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून दोनदा दहा मजले जिना उतरायचा. वर लिफ्टने जायला माझी हरकत नाही. काठ्या दोन घ्याव्यात आणि उतारावर त्या थोड्या लांब कराव्यात.

सायकलच्या उतारालाही हाच न्याय. 85 किलो वजन 1,200 मीटर खाली आणलं तर सुमारे 10 लाख जूल ऊर्जा सुटते. वाऱ्याचा वाटा सोडला आणि सगळी ब्रेकमध्ये गेली असं धरलं, तर तेवढ्यात तीन लिटर पाणी उकळेल. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापून ट्यूब फुटते, डिस्क असेल तर तेल उकळून लिव्हर मऊ पडतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ दाबायचे आणि मग सोडून द्यायचे, म्हणजे हवा त्यांना गार करते. चारशे वळणं, म्हणजे चारशे वेळा.

पण तो पुढचा प्रश्न. अजून आपण ताईबीतच्या अर्ध्या उतारावर आहोत, मांड्या संपावर गेल्या आहेत, आणि त्रुआ सालाझची पाटी दिसते. 'पाराश्यूत' मिळेल. ते पेल्यात येतं, गरम असतं, बहुधा गवताची चव असते. उरलेल्या पायऱ्या आपल्याच पायांनी उतरायच्या.