चार मॅट नाहीत त्या!

"भाडं परवडत नसेल तर हलवा क्लास, चार मॅट तर उचलायच्या!" हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. ज्युदोचं लहानात लहान स्पर्धा-मैदान 8 बाय 8 मीटर. त्यालाच 1 बाय 2 मीटरच्या 32 मॅट लागतात, एकेक 4 सेंटिमीटर जाड आणि 18-20 किलोची. भोवती चौकट घट्ट बसवावी लागते. नाहीतर मॅट सरकतात आणि फटीत पायाचं बोट अडकून मोडतं.

आणि मॅटखालचं काय? सिमेंटवर नुसती मॅट टाकून पोरांना शंभर-शंभर वेळा पाडायचं? खाली रबरी ठोकळे, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवुडचे दोन थर, तेही सांध्यावर सांधा न येऊ देता. तेव्हा कुठे जमीन किंचित दबते आणि पडणाऱ्याचा मणका वाचतो. जागा सोडताना हे उखडायला जा, प्लायच्या कडा फाटतात. नव्या हॉलचं माप वेगळं, खांब नेमका मधोमध. सगळा खर्च मालकाच्या फरशीवर सोडून यायचा!

सर्वात चीड येते ती आवाजाच्या तक्रारीची. शेजारी गोदाम होतं तोवर कुणाला त्रास नव्हता. गोदाम पाडलं, महागडे फ्लॅट आले आणि पहिल्याच महिन्यात "संध्याकाळी धपधप होते" म्हणून अर्ज. अहो, मुलं शाळेतून सुटल्यावरच येणार ना? वर सल्ला काय, तर भिंतींना फोम लावा. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो. फेकीचा हादरा जमिनीतून, खांबातून जातो, त्याला फोम काय करणार? नव्या फ्लॅटमध्ये आवाज-हादऱ्याचा बंदोबस्त बांधतानाच करायला हवा होता, बिल्डरच्या खर्चाने. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 पासून हेच लिहिलंय: जो नवा येतो, त्यानेच उपाय करायचा. इथे मात्र आधीपासून असलेल्यालाच नोटीस!

मालकही आता लांब मुदतीचा करार करत नाहीत. 64 चौरस मीटरवर एका वेळी सात-आठ जोड्यांपेक्षा जास्त फेकाफेकी सुरक्षित नाही. तेवढ्याच जागेत कॅफेची चाळीस माणसं बसतात. भाड्याच्या बोलीत क्लास टिकणार कसा?

मग स्वस्त जागा मिळते ती दोन बस बदलून. चालत येणारी नऊ वर्षांची पोर तिथे एकटी जाणार आहे? ज्यांचे आईबाप दोघंही त्या वेळी कामावर असतात, ती मुलं सर्वात आधी गळतात.