आकडा आजाराचा की गोळीचा?

'स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढलेले दिसतात, त्यामुळे रक्तावरून आजार लवकर ओळखता येईल' हे एका लेखातलं विधान खटकलं. नमुने औषध सुरू होण्याआधीचे की नंतरचे, हे सांगायलाच हवं होतं. माझ्या धाकट्या भावाला ओलान्झापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध सुरू झालं तेव्हा त्याची उपाशीपोटीची साखर नॉर्मल होती. मग भूक अशी खवळली की रात्री उठून तो स्वयंपाकघरातले डबे धुंडाळायचा. पँटची बटणं लागेनात, आणि पुढच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइडचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला.

औषधाची एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, आढळतो, हे खरं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी तर १८७९ मध्येच मधुमेह आणि वेडाचं घराण्यातलं नातं नोंदवलं होतं. पण इन्सुलिन रेझिस्टन्स लठ्ठ माणसांतही सर्रास असतो, मग त्यावरून स्किझोफ्रेनियाचं निदान कसं करणार? या तपासण्यांची खरी गरज असते ती गोळ्या सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने, वजन आणि कंबरेच्या मापासकट. भावाची आधीची साखर आम्हाला कळली ती दुसऱ्याच दुखण्यासाठी केलेल्या तपासणीमुळे. मानसोपचाराच्या ओपीडीत त्याला वजनकाट्यावरही कुणी उभं केलं नव्हतं.