जरा उजळ करा ना

नवी फेस क्रीम बाजारात आणताय? अभिनंदन. क्रीम दुसऱ्याच्या फॅक्टरीत बनून आली, डब्या आल्या, लेबलं चिकटली, पोस्टर तेवढं राहिलं. मॉडेल महाग, मेकअपवाली महाग, स्टुडिओचं भाडं तर विचारूच नका. म्हणून तुम्ही ठरवलंत की चित्र काढून घेऊ. चित्रातली बाई पैसे मागत नाही. चित्रकार मागतो, पण त्याचं बघता येतं.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या अशाच एका क्रीमवाल्यांचं पोस्टर करण्याचं भाग्य मला नुकतंच लाभलं. राग, म्हणजे अनुभव, ताजा आहे तोवर चार युक्त्या सांगून ठेवते. तुमच्याही कामी येतील.

सुरुवातीला काय हवंय ते अजिबात सांगू नका. ‘प्रीमियम पण घरगुती, मॉडर्न पण आपल्या संस्कृतीतलं’ एवढं पुरे. मग रात्री साडेअकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर रेफरन्स सोडायला लागा: एक कोरियन सीरम, राम मारुती रोडवरच्या सराफाची जाहिरात, चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका आणि कुठल्या तरी जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. ‘ते दलाल-मुळगावकर होते ना, तसं काहीतरी.’ दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या जुन्या चित्रकारांची नावं ज्या सहजतेनं घेता, त्या सहजतेनं तुम्ही कटिंग चहाही मागवत नसाल. त्यांच्या एकेका बाईच्या बोटांवर किती वेळ गेला असेल, असल्या चौकशीत पडू नका. शुक्रवारपर्यंत हवंय, हे सांगा.

साइज शेवटपर्यंत गुप्त ठेवा. इन्स्टाग्रामच्या चौकोनासाठी चित्र काढून घ्या, मग तेच ताणून दोन बाय पाच फुटांच्या स्टँडीवर बसवा. बाईची मान लांबते, पण लांब मान हे सौंदर्यलक्षणच आहे म्हणे.

लोगो मोठा करा. अजून मोठा. क्रीम डबीत आहे की लोगोत, असा प्रश्न पडेपर्यंत मोठा.

मराठी मजकूर भाच्याकडून टाकून घ्या. प्रत्येक घरात कॅनव्हा येणारा एक भाचा असतोच, नसेल तर जवळच्या नातेवाइकांत शोधा. जोडाक्षरं फुटली, ‘नैसर्गिक’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला, तरी ‘एवढं कोण वाचतंय?’ हे उत्तर तयार ठेवा. एवढं कोणी वाचत नसेल तर ते छापतो कशाला, हा प्रश्न मीही विचारला नाही. पोट आहे.

रंग पास करायचे ते मोबाइलवर, ब्राइटनेस पार वर नेऊन. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही. छापखान्यात चार शायांच्या ठिपक्यांतून रंग उभा करावा लागतो आणि त्यात त्वचा सगळ्यात नाठाळ. किरमिजी शाई जरा चढली की बाई तापानं फणफणल्यासारखी दिसते, पिवळी चढली की कावीळ झाल्यासारखी. म्हणून आधी प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढतात. तुम्ही प्रूफचे पैसे वाचवा आणि नंतर वागळे इस्टेटमधल्या प्रेसवाल्याला शिव्या द्या. तो सवयीचा आहे.

दावे करताना हात आखडू नका. ‘केमिकल-फ्री’ लिहाच, पाणीसुद्धा केमिकलच आहे, हे दहावीच्या पुस्तकातलं, पोस्टरवर त्याचं काय काम? समोर कोरफडीचं हे एवढं पान काढून घ्या, शेजारी केशराच्या काड्या. डबीच्या मागे घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते आणि तुमची कोरफड त्यात पार तळाशी, सुगंधाच्या शेजारी बसलीय, हे कोण डबी उलटून बघणार! ‘उन्हापासून १०० टक्के संरक्षण’ हेही राहू द्या. एसपीएफ ५० असलेलं सनस्क्रीन प्रयोगशाळेत, व्यवस्थित जाड थर लावून, त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९८ टक्के अडवतं आणि आपण लावतो त्याच्या निम्माही थर नाही. पण वरच्या दोन टक्क्यांसाठी आकडा कशाला बिघडवायचा? खुलासा टाकायचाच असेल तर तळाशी, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये नियमच केलाय की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फाँटमध्ये हवा. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी हे सांगितलं तर मला उत्तर मिळालं, ‘ताई, ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं.’ मग ठीक आहे.

आता मुख्य युक्ती. मुलगी.

पहिल्या दिवशी सांगा, ‘आपली मराठी मुलगी हवी. खरी वाटली पाहिजे.’ चित्रकाराला हुरूप येतो. मलाही आला. ठाणे स्टेशनात सकाळी लोकलच्या लेडीज डब्यात चढणाऱ्या मुली बघत बघत मी तिला काढली: सावळी, नाकात चमकी, वेणीत अबोलीचा गजरा, तोंडावर झोप अजून थोडी शिल्लक. सावळा रंग काढणं म्हणजे तपकिरी ट्यूब पिळणं नव्हे. त्यात गेरू असतो, हळद असते, गळ्याखालच्या सावलीत जांभळा असतो, आणि खिडकीतला उजेड पडला की गालाच्या हाडावर एक निळसर चमक येते. त्या चमकेसाठी मी जीव टाकला होता. रफ बघून फोन आला, ‘वा! एकदम आपली वाटते.’

दुसऱ्या दिवशी फोन: ‘छानच आहे हो. फक्त जरा उजळ करा ना.’

केली.

‘अजून थोडी. गोरी नाही म्हणत मी. आपण तसे नाहीच. फक्त ग्लो.’

केली. मग मॅडमनी बघितलं, मग सीएनं बघितलं (सीएनं!), मग कल्याणच्या डिस्ट्रिब्युटरनं बघितलं. त्याचं मत सगळ्यांना पटलं: ‘एवढी सावळी ठेवली तर लोकांना वाटेल हा क्रीम लावायच्या आधीचा फोटो आहे.’ हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय, कारण माझ्याच्यानं इतकं चांगलं लिहिणं झालं नसतं. जाहिरातीत सावळ्या माणसाला कमी लेखू नका, असं जाहिरातवाल्यांच्याच एएससीआय या संस्थेनं २०१४ मध्ये सांगून ठेवलंय. २०२० मध्ये देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या गोरेपणाच्या क्रीमनं ४५ वर्षांनी नावातून ‘फेअर’ काढून टाकलं, तेव्हा मला वाटलं होतं की आता माझ्या ब्राऊनच्या ट्यूबा संपायला लागतील. अजून पडून आहेत. सुकल्यात.

आणि मग, पार पिठूळ झालेल्या त्या मुलीकडे बघून तुम्ही विचारलंत, ‘ताई, ग्लो का दिसत नाहीये?’

कसा दिसेल? कुठे दिसेल? चमक दिसायला खाली रंग लागतो. पांढऱ्या कागदावर पांढरा उजेड काढून दाखवा एकदा, मी चित्रं काढणं सोडते. पहिल्या चित्रात होता तो ग्लो! गालावर होता, कपाळावर होता, नाकाच्या शेंड्यावर होता. प्रत्येक ‘जरा’बरोबर तुम्ही तो माझ्याच हातानं पुसून घेतलात आणि वर मलाच विचारताय कुठे गेला?

असो. युक्त्या सांगत होते. चित्रकार कुरकुरायला लागला की म्हणा, ‘ताई, तुमच्या हातात कला आहे, दोन मिनिटांचं काम.’ तरीही ऐकेना, तर फाइल मागून घ्या आणि भाच्याला द्या. भाच्यानं अ‍ॅपमधून मुलीला आणखी दोन शेड वर नेलं. गाल गुलाबी केले. अबोलीच्या गजऱ्याचा पांढरा गजरा झाला, एक कान गेला, चमकी गेली. शेजारी वाढदिवसाचे शुभेच्छा फ्लेक्स, मधोमध ही कानाची कमतरता असलेली सुंदरी, मानपाड्याच्या सिग्नलला मोठ्या थाटात लागली. मी रिक्षात होते, ट्रॅफिक हलत नव्हता, त्यामुळे निवांत बघता आलं. खाली कोपऱ्यात माझी सही. ती मात्र भाच्यानं जशीच्या तशी ठेवली.

तेव्हा आता युक्ती वगैरे राहू द्या. सरळच सांगते.

तुमच्या काउंटरवर जी मुलगी क्रीम विकते, तिचा रंग माझ्या पहिल्या चित्राचा आहे. मी आले तेव्हा तिनंच पाणी आणून दिलं. तिला तुम्ही रोज दहा-दहा तास त्या पांढऱ्या स्टँडीशेजारी उभी करता आणि गिऱ्हाइकांना तिच्याकडूनच सांगवता की हे लावा म्हणजे असं दिसाल. तिला काय वाटत असेल, हा विचार तुमच्या त्या सगळ्या मीटिंगांमध्ये एकाच्याही डोक्यात आला नाही? तुम्हाला स्वतःला मुलगी आहे. तिचा फोटो तुमच्या फोनच्या वॉलपेपरवर आहे, मी बघितलाय. तिलाही जरा उजळ करून घेणार आहात का?

आणि एक ऐकून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे. चित्राचे हक्क विकले, तरी त्या चित्राची मोडतोड करून चित्रकाराच्या नावाला बट्टा लावला, तर त्याला दाद मागता येते. पैसे दिले म्हणजे माझं नावही विकत घेतलं, असं होत नाही. शिवाय पैसेही अर्धेच दिलेत.

फ्लेक्स उतरवा. उतरवायचा नसेल तर त्यावरची माझी सही काढा, राहिलेले पैसे पाठवा, आणि ‘पुढच्या कामात बघू ना ताई’ हे सांगायला फोन करू नका, मी उचलणार नाही.