तेरवीआधीचे देणे

गेल्या महिन्यात वडिलांच्या तेरवीसाठी दर्यापूर तालुक्यातल्या गावी गेलो होतो. पंगती उठल्यावर ओसरीत वाद सुरू झाला. पोरांच्या मनातला यमाचा धाक गेला म्हणून गावात लबाडी वाढली, असे काकांचे म्हणणे होते. मेल्यावर काही उरत नाही आणि चांगले वागायला स्वर्गाचे आमिष लागू नये, असे चुलतभावाचे. मी गप्प राहिलो, पण डेन्मार्कला परतल्यापासून तो प्रश्न पिच्छा सोडत नाही.

इथे रस्त्याकडेला शेतकरी अंडी-बटाटे मांडून शेजारी पैशांची पेटी ठेवतात आणि राखण कोणी करत नाही. दहांतली सात माणसे आजही राष्ट्रीय चर्चची सदस्य आहेत, पण माझ्या ओळखीत नरकाला भिणारे कोणी नाही. तरीही चुलतभावाने हा पुरावा म्हणून वापरू नये. ज्या देशात आजारपणापायी वावर विकावे लागत नाही, तिथे प्रामाणिक राहणे मुळातच स्वस्त पडते.

काकांच्या बाजूनेही काही आहे. शरीफ आणि ऱ्हेमतुल्ला या संशोधकांनी २०१२ साली ६७ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा नरकावरचा विश्वास जिथे जास्त तिथे गुन्हे कमी आणि स्वर्गावरचा जास्त तिथे गुन्हे अधिक, असा संबंध दिसला. देशांच्या सरासरीवरून एका माणसाचे मन कळत नाही, हे खरे. पण वाचताना मला आमच्याकडे कापूस घेणारा एक व्यापारी आठवला. तो काटा मारतो आणि दरवर्षी भागवत सप्ताहाला सढळ हाताने देतो. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याची श्रद्धा खरी आहे, आणि परलोकाच्या खात्यात पापातून पुण्य वजा होते, हाही तिचाच भाग आहे.

मात्र त्याच श्रद्धेचे दुसरे रूप मी तेरवीच्या आदल्या दिवशी पाहिले. एका गड्याने वडिलांना चार हजार रुपये हातउसने दिले होते. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. काकांनी पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “माह्या भावाले पुढच्या जन्मी बैल होऊन हे फेडा लागू नये.” या विश्वासाला अंधश्रद्धा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण आमच्याच गावातली बौद्ध वस्ती पिंडदान करत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाला नकार आहे, आणि चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, हा शब्दही आहे. तो शब्द याच जन्मातल्या माणसांपुढे दिलेला आहे. उसनवारी त्या वस्तीतही तितक्याच चोखपणे फिटते, हे माझ्या लहानपणापासून मी पाहत आलो आहे. म्हणून परलोकावाचून नीती टिकत नाही, हे काकांचे म्हणणे मला पटत नाही.

परवा फोनवर मी त्यांना विचारले की या हंगामात कापसाचा काटा तपासायला कोणी आले होते का. कोणीच आले नाही, असे ते म्हणाले.