अर्धं शटर

आमच्या फोंड्याच्या बाजारात दुपारी एक वाजला की शटरं खाली येतात, पण त्यातही दोन प्रकार. पूर्ण खाली म्हणजे मालक घरी हुमण-शीत जेवून आडवा झालाय, आणि अर्धं खाली म्हणजे तो आतच लवंडलाय, वाकून हाक मारली की उठतो. मला माझा मेलचा प्रोग्राम अर्ध्या शटरवर हवा होता, बस्स एवढंच.

कारण माझं बोट. खिडकी नको झाली की ते थेट कोपऱ्यातल्या फुलीवर जातं, मग मेल पूर्ण बंद, टिंग नाही की टुंग नाही, आणि मी खूश की वा, आज काय शांतता आहे! अशाच एका शांत दिवशी मडगावच्या पार्टीने अकरा वाजता लिहिलं, बिलात जीएसटी नंबर चुकलाय, एकच्या आत सुधारून पाठवा. मी वाचलं साडेचारला, चहात उंडो पाव बुडवताना. (सायकलवरच्या पाववाल्या पोदेराचं पों पों मला दोन गल्ल्या आधी ऐकू येतं, तेव्हा कान शाबूत आहेत.)

भाच्याला फोन केला. "मामा, थंडरबर्ड ना? विंडोजवर २०२० पासून सोय आहे, ७८ व्हर्जनमध्ये आली. सेटिंग्जमध्ये जनरलला जा, मिनिमाइझ केल्यावर ट्रेमध्ये हलव असं लिहिलंय, तिथे टिक कर." केली. मिनिमाइझ केलं आणि गेलं की गायब! ट्रे म्हणजे घड्याळाशेजारची ती चिल्लर चित्रं (मायक्रोसॉफ्टवाले नोटिफिकेशन एरिया म्हणतात, बाकी सगळं जग ट्रे म्हणतं), तर तिथेही नाही.

"अरे मामा, तिथे वर टोक केलेला बाण आहे, तो दाब."

दाबला तर आत चवथीच्या माजघरासारखी दाटी, अँटीव्हायरस काय, प्रिंटर काय, पेनड्राइव्ह काढायचं चित्र काय, आणि त्यात आमचा निळा पक्षी, पाकिटाला कवटाळून बसलेला. माऊसने ओढून घड्याळाशेजारी आणून ठेवला.

दोन दिवस सुखात गेले. तिसऱ्या दिवशी परत शांतता.

"मामा, फुली दाबलीस काय?"

"मग काय दाबू?"

"फुलीने ते बंदच होणार रे! ट्रेत जातं ते आडव्या रेघेने."

म्हणजे सगळी सोय रेघेला, आणि माझं बोट जन्माचं फुलीचं. शेवटी बायकोची एक लाल टिकली घेतली आणि मॉनिटरवर बरोबर फुलीच्या जागी चिकटवली. आता मेल सुखरूप आहे, फक्त एक्सेल बंद करायचं झालं तरी फुली टिकलीखालीच येते, त्यामुळे कॅरम खेळल्यासारखा नेम धरावा लागतो.

काल आई टेबल पुसायला आली, टिकलीकडे बघितलं, काही बोलली नाही. संध्याकाळी बसायला गेलो तर कीबोर्डवर अबोलीचं एक फूल.