कोरडा शिधा आणि पाण्याचे ओझे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोंगरातल्या भटकंतीत कोरडा शिधा नेऊन पाठीवरचे ओझे कमी करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कोरडा शिधा शिजवायला पाणी लागते आणि फाल्गुनानंतर सातपुड्यात ते पाठीवरूनच न्यावे लागते, मग वजन वाचले कुठे, हा पहिला. आणि सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला माणसे फडक्यात भाकरी बांधून जातात, त्यांच्या मुलखात ग्रॅमचा हिशोब कशाला, हा दुसरा. पहिला आक्षेप महत्त्वाचा असल्याने त्यावर सविस्तर लिहितो.

एका लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यात कुणालाच सूट मिळत नाही. १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम मूगडाळ अशी एका माणसाची खिचडी शिजवायला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, भांडे विसळायचे वेगळे. हे पाणी खांद्यावरून न्यायचे असेल तर दीडशे ग्रॅमचा शिधा पाऊण किलोच्या घरात जातो आणि आपले म्हणणे पूर्णपणे खरे ठरते. मात्र मुक्काम तोरणमाळला यशवंत तलावाजवळ असेल, तर तेवढे पाणी वाहावेच लागत नाही. म्हणून बेत आखताना आधी पाणवठे पाहावेत आणि मग पदार्थ ठरवावेत. खात्रीचे पाणी असेल तिथेच शिजवावे आणि दोन पाणवठ्यांच्या मधल्या वाटेवर बांधून आणलेलेच खावे. ही खात्री जवळच्या गावात विचारूनच करावी, कारण पाटणादेवीजवळचा केदारकुंड धबधबा श्रावणात कोसळतो म्हणून वैशाखातही पाणी मिळेल, या भरवशावर निघणे जिवावर बेतू शकते.

शिजवायच्या जेवणाची प्रत्येक वेळेची पिशवी मी घरीच भरतो. तांदूळ, डाळ, हळद, मीठ आणि काळा मसाला एकत्र करून पिशवीवर वार, वेळ आणि पाण्याचे माप पेनने लिहितो, तेल तेवढे लहान बाटलीत वेगळे ठेवतो. मुक्कामी हे मिश्रण अर्धा तास भिजवले की गॅसही कमी लागतो.

वाटेवरच्या खाण्यासाठी आपल्या घरांतच उत्तम पदार्थ आहेत. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, भाकरी तोवर कडक होते. सोबत शेंगदाण्याची चटणी न्यावीच. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात, पिठातून आणि साखरेतून ४. त्यामुळे १०० ग्रॅम शेंगदाणे साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात, तेवढेच ज्वारीचे पीठ साडेतीनशेच्या आसपास. जळगावच्या माणसाला केळी घरी ठेवा म्हणणे मला जड जाते, पण ताज्या केळ्याच्या गरात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते आणि साल वेगळी. लांबच्या वाटेला सुकेळी न्यावीत.

अस्तंब्याच्या यात्रेकरूंचे आपले उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. ती यात्रा दिवाळीत भरते, पावसाळा नुकताच सरलेला असतो, सोबतीला माणसे असतात, आणि गाठोड्यात गरजेपलीकडे काहीच नसते. मीही तेवढेच सांगतो आहे. फरक इतकाच की, ज्याला त्या डोंगराची सवय नाही, त्याला गरज किती हे घरच्या काट्यावर मोजून पाहावे लागते.

पिण्याचे पाणी मात्र मी कधीही कपातीत धरत नाही. चैत्र-वैशाखात दोन पाणवठ्यांमध्ये पूर्ण दिवसाचे अंतर असेल तर माणशी ४ लिटरपेक्षा कमी नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवसांत सागाचा पाचोळा एका ठिणगीने पेटतो, आणि गौताळा औट्रमघाटासारख्या अभयारण्यात तर चूल मांडण्याचा विचारही करू नये. अशा कोरड्या मुक्कामाला स्टोव्ह, गॅसचा डबा आणि पातेले घरीच ठेवले, की किलोभराच्या आसपास वजन सुटते आणि त्या जागी आणखी एक लिटर पाणी नेता येते.